डेल्सफर्ड गांवची कैफियत

आमच्याकडील महजर, वतनपत्रें आणि गांवांच्या कैफियती ह्यांच्या वाचनांत ज्यांचा काळ गेला, त्यांस एका इंग्रज खेड्याची हकीकत सांगण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांकडून येईल हें आम्ही जाणून आहों. प्रयोजन आहे. डेल्सफर्ड हें गांव इतकें लहान कीं, त्याच्या नांवावर एकहि लढाई किंवा तह नाहीं. परंतु वडगांवच्या नामुष्कीनंतर मराठ्यांशीं युद्ध चालू ठेवणारा आणि शेवटीं सालबाईच्या तहास मान्यता देणारा जो वॉरन हेस्टिंग्स, त्यानें जन्मभर ध्यास घेतला तो कलकत्त्याचा नव्हे, ह्या गांवाचा. तें त्याच्या पूर्वजांचें वतन होतें. तें गेलें होतें. तें त्यानें परत मिळविलें. ही गोष्ट इंग्रजींत पुष्कळांनीं सांगितली आहे. ह्या वतनाच्या किंमतींत आमच्या युद्धाचाहि एक धागा येऊन मिळतो, हें मात्र कोणी उकलून दाखविल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तेवढ्यासाठीं हा लेख.

प्रथम स्थलनिर्देश. इंग्लंडच्या मध्यभागाजवळ, चिपिंग नॉर्टन आणि स्टो-ऑन-द-वोल्ड ह्या दोन बाजारगांवांच्या दरम्यान, एव्हन्लोड नांवाच्या लहान नदीच्या कांठीं डेल्सफर्ड आहे. त्यास 'पॅरिश' म्हणतात. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या उपाध्यायाकडे नेमून दिलेला मुलूख. ह्या उपाध्यायास रेक्टर अशी संज्ञा असे. गांवच्या पिकाचा दशांश आणि चर्चची इनाम जमीन हें त्याचें उत्पन्न. त्याच मुलखांत ज्या जमीनदाराचा अंमल चाले, त्याच्या हक्काच्या एकत्र समूहास 'मॅनर' म्हणत. मॅनर आणि पॅरिश ह्यांच्या हद्दी कधीं जुळत, कधीं जुळत नसत. रेक्टर नेमण्याचा हक्क बहुधा जमीनदाराकडे असे, आणि हा हक्क जमिनीसारखा विकतां येत असे. आमच्याकडील पाटीलकी आणि जोशीपण हीं दोन वतनें एका माणसाच्या मर्जीवर ठेविलीं असतां जें होईल, त्याच्याशीं ह्या व्यवस्थेचें थोडें साम्य आहे. थोडेंच, कारण आमचा जोशी पाटलाच्या नेमणुकीचा नव्हे.

डेल्सफर्डची खरी मौज त्याच्या हद्दींत आहे. हें गांव ग्लॉस्टरशायर आणि ऑक्सफर्डशायर ह्यांच्या सीमेवर, पण १९३१ सालापर्यंत तें मोजलें जात असे वुस्टरशायर परगण्यांत, ज्याची मुख्य भूमि पश्चिमेस कित्येक मैलांवर आहे. शेजारचें एव्हन्लोड गांव आणि उत्तरेचें ब्लॉकली हींहि तशींच तुटक. ज्यांनीं सांगली संस्थानचा जुना नकाशा पाहिला असेल, त्यांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. सांगलीचीं गांवें सातारा, सोलापूर, बेळगांव आणि धारवाड ह्या जिल्ह्यांत विखुरलेलीं होतीं, आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत तीं तशींच राहिलीं. तेथें कारण सरंजामाची वांटणी. येथें कारण धर्मादाय. वुस्टरच्या बिशपाकडे हीं गांवें होतीं, आणि बिशप ऑस्वल्ड, जो ९९२ सालीं वारला, त्याच्या नांवानें ऑस्वल्डस्लो म्हणून तीनशें हाइडांचा एक विभाग बनला होता. बिशपाचीं गांवें जेथें असतील तेथें ऑस्वल्डस्लो, आणि ऑस्वल्डस्लो जेथें असेल तेथें वुस्टरशायर. अशा रीतीनें बिशपाच्या जमाखर्चाची रेघ राज्याच्या नकाशांत उतरली, आणि बिशपाची सत्ता गेल्यावरहि शेंकडों वर्षें ती कोणी पुसली नाहीं. सनदा हरवल्या तरी हद्द साक्ष देते, हें जुन्या कागदांच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

सनदहि हरवलेली नाहीं. मर्सियाचा राजा इथेलबाल्ड ह्यानें डेल्सफर्ड येथील जमीन बेगिया नांवाच्या मनुष्यास मठस्थापनेसाठीं दिल्याचें दानपत्र ७१८ सालचें म्हणून उपलब्ध आहे. तें मूळ पत्र नसून वुस्टरच्या धर्मपीठाच्या संग्रहांतून आलेली नक्कल आहे. अशा नकलांविषयीं आमच्या ताम्रपटांच्या वाचकांनीं जी सावधगिरी बाळगावयाची तीच येथेंहि बाळगली पाहिजे. कारण मठांनीं आपला हक्क पक्का करण्यासाठीं जुन्या राजांचीं नांवें उसनीं घेतल्याचे दाखले इंग्लंडांत कमी नाहींत. हें दान धरून चाललें तरी मठाचें पुढें कांहीं उरलें नाहीं. जमीन बिशपाच्या ताब्यांत दिसते.

पुढचा पक्का टप्पा १०८६ सालचा. नॉर्मन राजा विल्यम ह्यानें देशभर जी जमाबंदीची पाहणी करविली, तिच्या 'डूम्सडे' नांवाच्या बाडांत ब्लॉकलीच्या सदराखालीं डेल्सफर्डची नोंद आहे: तीन हाइड जमीन, धारण करणारा फुलक्रेडचा मुलगा स्टीफन, मूळ मालक बिशप. हाइड हें क्षेत्राचें माप नसून आकाराचें माप आहे. एका कुटुंबाच्या निर्वाहापुरती जमीन हा त्याचा मूळ अर्थ. आमच्याकडे 'नांगर' आणि 'चावर' हे शब्द जसे कधीं मोजणीच्या तर कधीं साऱ्याच्या अर्थानें येतात, तसाच हा शब्द. वाचकांनीं एक लक्षांत ठेवावें. ह्या नोंदींत हेस्टिंग्स हें नांव नाहीं. बिशप आहे, स्टीफन आहे. जे तीन हाइड नांगरीत होते त्यांचीं नांवें नाहींत, आणि हेस्टिंग्सहि नाहीं. पुढें ज्यानें 'आमचें गांव' म्हणून ह्या भूमीसाठीं प्राण टाकला, त्याचे पूर्वज येथें मागाहून आले.

ते नंतरच्या मध्ययुगांत आले, आणि बरींच शतकें राहिले. हीं शतकें आम्ही पटकन ओलांडतों, कारण त्यांत घडलें तें कोणत्याहि लहान इंग्रज जमीनदाराच्या घरीं घडतें तेंच: विवाह, वांटण्या, चर्चमधील थडगीं. १५३८ सालीं राजाज्ञेनें प्रत्येक पॅरिशमध्यें बारसें, लग्न आणि दफन ह्यांचें बाड ठेवण्याची चाल सुरू झाली. त्यामुळें पुढच्या काळांत इंग्रज खेड्यांतील सामान्य माणसाचेंहि नांव कागदावर येऊं लागलें. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं चाळल्या आहेत, त्यांस ह्या बाडांची किंमत कळेल. भेद इतकाच कीं, आमच्याकडे यात्रेस आलेल्याचें नांव राहतें, त्यांच्याकडे गांवांत राहिलेल्याचें.

घराण्यावर संकट आलें तें राजा आणि पार्लमेंट ह्यांच्या यादवीमुळें. १६४२ त युद्ध जुंपलें तेव्हां डेल्सफर्डचा धनी जॉन हेस्टिंग्स राजपक्षास मिळाला. त्यानें जमिनीवर कर्ज काढलें, घरांतील रुप्याचीं भांडीं ऑक्सफर्डच्या टांकसाळींत आटविण्यास दिलीं, आणि राजा हरल्यावर पार्लमेंटास दंड भरून सुटका करून घेतली. येल्फर्ड येथील घराण्याची दुसरी मिळकत पार्लमेंटाचा सभापति विल्यम लेन्थॉल ह्याच्या घरांत गेली. म्हणजे पराभूत पक्षाची जमीन विजयी पक्षाच्या अध्यक्षानेंच घेतली. पण तीहि जप्तीनें नव्हे, रीतसर खतानें. इंग्रजांची ही पद्धति आम्हांस नेहमींच विलक्षण वाटत आली आहे. तलवारीचा निकाल शेवटीं वकिलाच्या टेबलावर येऊन बसतो.

डेल्सफर्ड राहिलें, पण त्याचा भार पेलेना. १७१५ त घराण्यानें मॅनर नाइट नांवाच्या व्यापारी घराण्यास विकलें. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घ्यावी. विक्रीच्या आधींच मालकानें आपल्या मुलास, पेनिस्टन हेस्टिंग्सास, गांवचा रेक्टर नेमून ठेविलें होतें. जमीन गेली, उपाध्येपण राहिलें. ज्या गांवांत बाप धनी म्हणून वावरला, त्याच गांवांत मुलगा नव्या धन्याच्या शेतांतून दशांशासाठीं हिंडूं लागला. रेक्टर आणि व्यापारी ह्यांच्यांत त्या दशांशावरून कटकटी झाल्या, आणि पेनिस्टनची परिस्थिति खालावतच गेली. वतन विकून त्याच गांवांत हलकी वृत्ति करून राहणें ह्यांत जें दुःख आहे, तें ज्यांच्या घरांत इनामाच्या चौकशीनंतर सनद उरली आणि शेत गेलें त्यांस विस्तारानें सांगावयास नको.

ह्या पेनिस्टनचा नातू वॉरन. त्याचा जन्म ६ डिसेंबर १७३२ रोजीं, जवळच्याच चर्चिल गांवीं झाला. आई त्याच्या जन्मानंतर लौकरच वारली. बाप मुलास टाकून निघून गेला. मुलगा आजोबांजवळ, गांवच्या गरीब मुलांच्या शाळेंत वाढला. पुढें चुलत्यानें त्यास लंडनला नेलें, वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत घातलें, आणि चुलता वारल्यावर पालकानें त्यास कंपनीच्या कारकुनींत ढकललें. १७५० त, वयाच्या अठराव्या वर्षीं, तो बंगालकडे निघाला.

आतां त्या प्रसिद्ध आख्यायिकेकडे वळूं. सात वर्षांचा वॉरन उन्हाळ्याच्या एका दिवशीं आपल्या वाडवडिलांच्या जमिनींतून वाहणाऱ्या ओढ्याच्या कांठीं पडला होता. तेथें त्यानें मनाशीं निश्चय केला कीं, हें वतन मी परत मिळवीन आणि 'डेल्सफर्डचा हेस्टिंग्स' म्हणवीन. ही गोष्ट जगभर गेली ती मेकॉलेच्या १८४१ च्या निबंधामुळें, आणि मेकॉलेनें ती ग्लेग नांवाच्या चरित्रकाराच्या त्याच सालच्या ग्रंथावरून उचलली. तिचें मूळ म्हणजे खुद्द हेस्टिंग्सनें उतारवयांत सांगितलेली आठवण. आम्ही शाळेंत असतांना हा निबंध वाचला तेव्हां अंगावर कांटा आला होता. मेकॉलेची लेखणी रसाळ खरी. पण कथा रंगली कीं पुरावा किती, हा प्रश्न ती लेखणी स्वतःस विचारीत नाहीं. साधनाच्या दृष्टीनें ह्या आख्यायिकेची योग्यता काय? सात वर्षांच्या मुलाच्या मनांतील संकल्पास सत्तरीच्या मनुष्याची स्मृति हाच एक साक्षी. आणि तोपर्यंत संकल्प सिद्धीस गेला होता. सिद्धीस न गेलेले बालपणचे संकल्प कोणी आठवीत नाहीं. म्हणून ही गोष्ट बालपणची घटना म्हणून नव्हे, तर वृद्ध हेस्टिंग्स आपल्या आयुष्याचा अर्थ कसा लावीत होता ह्याचें साधन म्हणून घ्यावी. बखरीचा उपयोग आम्ही असाच करतों. कृतीची साक्ष मात्र भक्कम आहे. १७८५ च्या जूनमध्यें तो विलायतेस पोंचला, नाइट घराण्याशीं खरेदीची खटपट केली, आणि १७८८ त गांव त्याच्या हातीं आलें. घराण्याच्या ताब्यांतून गेल्यास त्र्याहत्तर वर्षें झालीं होतीं.

ह्याच १७८८ सालीं, १३ फेब्रुवारीस, वेस्टमिन्स्टरच्या दिवाणखान्यांत त्याच्यावरील अभियोगाची सुनावणी सुरू झाली. ह्या दोन गोष्टी एका वर्षांत पडाव्या हा योगायोग असेल. त्यांचें मूळ मात्र कांहीं अंशीं एकच आहे, आणि तें शोधीत गेलें असतां आपण आमच्याच इतिहासांत येऊन पोंचतों.

मराठ्यांशीं युद्ध आरंभिलें तें मुंबईकरांनीं. रघुनाथरावांशीं १७७५ च्या मार्चांत सुरतेस तह, १७७६ त पुरंदरचा तह, १७७९ च्या जानेवारींत वडगांव, नंतर गॉडर्डची स्वारी, हा क्रम वाचकांस पाठ आहे. खर्चाचा बोजा पडला तो कलकत्त्याच्या खजिन्यावर. १७७८ त फ्रेंचांशींहि युद्ध जुंपल्याची बातमी आली. पुढें हैदर कर्नाटकांत उतरला. पैसा कोठून आणावा? बनारसचा राजा चेतसिंग कंपनीस ठराविक खंडणी देत असे. हेस्टिंग्सनें १७७८ पासून युद्धाच्या कारणासाठीं वर्षास पांच लाख रुपये जादा मागितले, आणि तीन वर्षें घेतले. मग स्वार मागितले. राजानें चालढकल केली. १७८१ च्या ऑगस्टांत हेस्टिंग्स स्वतः बनारसला गेला, राजास त्याच्याच वाड्यांत अटकेंत ठेविलें, शहर उठलें, पहाऱ्यावरील शिपाई कापले गेले, आणि गव्हर्नर-जनरलास रात्रीं पळून चुनारचा किल्ला गांठावा लागला.

ह्या पळापळींत एक मराठी दरबारचा मनुष्य त्याच्या बरोबर होता, तो म्हणजे नागपूरकर भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित. नाना फडणिसांनीं इंग्रजांविरुद्ध जें चौघांचें सख्य जमविलें होतें, त्यांतून मुधोजी भोसल्यांस फोडण्याची हेस्टिंग्सची कारवाई ह्याच वकिलामार्फत चाललेली. बेनीराम आणि त्याचा भाऊ बिसंभर ह्यांनीं त्या अडचणीच्या वेळीं आपल्या पदरचा एक लाख रुपया हेस्टिंग्सास देऊं केला. ही हकीकत हेस्टिंग्सनें बनारसच्या दंग्याविषयीं जें निवेदन १७८२ त कलकत्त्यास छापलें, त्यांत कृतज्ञतेनें नमूद केली आहे. ज्याचा धनी नांवानें तरी इंग्रजांच्या शत्रुपक्षांत, त्यानें इंग्रज गव्हर्नरास कर्ज देऊं करावें, ह्यावरून त्या संघाची बळकटी वाचकांनींच ताडावी.

पुढें १७ मे १७८२ रोजीं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें सालबाईस तह ठरला. नाना फडणिसांनीं त्यास १७८३ च्या फेब्रुवारींत मान्यता दिली. मराठी युद्ध मिटलें. परंतु त्या युद्धाच्या तंगींत केलेली बनारसची मागणी मिटली नाहीं. १३ जून १७८६ रोजीं इंग्लंडच्या लोकसभेंत चेतसिंगाचें प्रकरण मतास आलें, प्रधान पिट ह्यानें आरोपाच्या बाजूनें मत दिलें, आणि तेथून हेस्टिंग्सवरील अभियोग अटळ झाला. एकट्या मराठी युद्धामुळेंच हें झालें असें आमचें म्हणणें नाहीं. फ्रेंच आणि हैदर हे त्यांत आहेत, आणि अयोध्येच्या बेगमांचें प्रकरण निराळेंच आहे. पण पुण्याहून निघालेला धागा बनारसवरून वेस्टमिन्स्टरास जातो ह्यांत शंका नाहीं. खटला सात वर्षें चालला. २३ एप्रिल १७९५ रोजीं हेस्टिंग्स निर्दोष सुटला, तेव्हां बचावाचा खर्च सत्तर हजार पौंडांवर गेला होता. कंपनीनें त्यास वर्षास चार हजार पौंडांची नेमणूक आणि पन्नास हजार पौंडांचें बिनव्याजी कर्ज दिलें म्हणून डेल्सफर्ड वांचलें. नाहींतर परत मिळविलेलें वतन दुसऱ्यांदा लिलावास जातें.

आरोप करणारा एडमंड बर्क हाहि जमीनदारच. १७६८ त त्यानें बीकन्सफील्ड पॅरिशमधील ग्रेगरीज ही मिळकत उसन्या पैशानें घेतली आणि जन्मभर त्या कर्जाखालीं राहिला. इंग्लंडांत त्या काळीं बुद्धि कितीहि असो, स्वतःच्या मालकीचें शेत आणि वाडा असल्याखेरीज मनुष्यास राज्यकारभारांत वजन येत नसे. म्हणून आरोपी आणि फिर्यादी दोघेहि एकाच रोगाचे रोगी. ह्या ग्रेगरीजचा आमच्याशीं संबंध आहे. रघुनाथरावांनीं विलायतेस पाठविलेला ब्राह्मण वकील हणमंतराव आणि त्याच्या सोबतचे दोघे पारशी १७८१ त तेथें हाल काढीत असतां बर्कनें त्यांस आपल्या मिळकतीवर नेलें, आणि हणमंतरावास सोंवळ्यानें स्वयंपाक करतां यावा म्हणून बागेंतील कांचघर मोकळें करून दिलें. एका इंग्रज खेड्यांत, झाडें वाढविण्याच्या कांचघरांत, पुण्याकडील ब्राह्मण चूल मांडून बसला आहे हें दृश्य आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहीं. हिंदुस्थानची फिर्याद पुढें बर्क ज्या कळकळीनें मांडूं लागला, तिला ह्या पाहुणचाराचा कांहीं हातभार लागला असावा असें आम्हांस वाटतें.

डेल्सफर्डला परत येऊं. खटला चालू असतांनाच हेस्टिंग्सनें जुन्या वाड्याच्या जागीं नवा वाडा उठविला. शिल्पी सॅम्युअल पेपीस कॉकरेल. ह्याचाच भाऊ चार्ल्स कंपनीच्या नोकरींत श्रीमंत झालेला, आणि त्याच्यासाठीं कॉकरेलनें पुढें शेजारींच सेझिनकोट येथें मोंगली थाटाचें घर बांधलें. डेल्सफर्डची बांधणी मुख्यतः विलायती. बागेकडील अंगास मात्र एक घुमट आहे, तो पाहतांच पूर्वेकडची आठवण होते. आंत टॉमस बँक्स ह्या मूर्तिकारानें घडविलेली, हिंदु स्त्रियांच्या आकृती असलेली शेगडीची संगमरवरी चौकट. भिंतींवर विल्यम हॉजेसनें काढलेलीं हिंदुस्थानचीं चित्रें. दालनांत मुर्शिदाबादचीं हस्तिदंती आसनें. बाहेर त्याची खटपट शेतकऱ्याची. तिबेटांतून आलेली वनगाय, जिच्या शेंपटाची आमच्या देवघरांत चवरी होते, ती त्यानें येथें चरावयास सोडली. जॉर्ज स्टब्ज ह्या विख्यात प्राणिचित्रकारानें तिचें चित्र काढलें आहे. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालयाच्या वर्णनांत जिचें नांव येतें ती चमरी वुस्टरशायरच्या गवतावर उभी राहिली, ही गोष्ट संस्कृताच्या वर्गांत आम्ही सांगत असूं तेव्हां मुलांस ती खरी वाटत नसे. अलीपूरच्या आपल्या जुन्या बागेंतून त्यानें सीताफळाच्या बिया मागविल्या, लिचीचींहि झाडें लावून पाहिलीं. त्या थंड हवेंत तीं काय जगणार! वाडवडिलांची जमीन परत मिळाल्यावर मनुष्य तींत परमुलखांतील फळें लावूं पाहतो, ह्यांत त्याच्या मनाची कांहीं ओळख पटते. तरुणपणीं बंगाल्यांत डेल्सफर्ड आठवणारा म्हातारपणीं डेल्सफर्डांत बंगाला आठवीत बसला.

आमच्या विद्येचा त्याच्यावर जो एक उपकार आहे, आणि त्याचा आमच्या विद्येवर, तोहि येथें नोंदणें उचित होय. अकरा पंडितांकडून त्यानें धर्मशास्त्राचा 'विवादार्णवसेतु' हा संग्रह करविला, तो इंग्रजींत १७७६ त छापला गेला. चार्ल्स विल्किन्सची भगवद्गीता १७८५ त लंडनास निघाली, तिला हेस्टिंग्सनें बनारसहून ४ ऑक्टोबर १७८४ रोजीं लिहिलेलें पत्र प्रस्तावना म्हणून जोडलें आहे. इंग्रजांचें राज्य हिंदुस्थानांतून केव्हांच नाहींसें झालें असेल तेव्हांहि हे ग्रंथ टिकून राहतील, अशा आशयाचें त्यांत त्यानें लिहिलें. ज्या शहरांत तीन वर्षांपूर्वीं त्यानें राजास कैद केलें, त्याच शहरांतून हें पत्र गेलें. दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या आहेत. त्यांतील एक वगळून दुसरी सांगणारे चरित्रकार दोन्ही पक्षांत झाले, आणि आमच्या मतें दोघेहि अर्धे.

१८१६ त त्यानें गांवचें जीर्ण नॉर्मन चर्च पुन्हा बांधविलें. २२ ऑगस्ट १८१८ रोजीं, वयाच्या शायशींव्या वर्षीं, तो डेल्सफर्ड येथें मरण पावला. त्याच १८१८ सालीं, जूनच्या आरंभीं, बाजीराव पेशवे माल्कमच्या स्वाधीन झाले होते. चर्चच्या पूर्वेकडील भिंतीबाहेर त्याचें थडगें आहे: एका चौथऱ्यावर कलश, आणि त्यावर नुसतें नांव.

आतां वतनाचें पुढें काय झालें तें पाहूं, कारण कैफियत येथें रंजक होते. हेस्टिंग्सचीं स्वतःचीं मुलें लहानपणींच वारलीं होतीं. वतन त्याची पत्नी मेरियन हिच्याकडे राहिलें. ती १८३७ त वारली. नंतर तें गेलें तिच्या पहिल्या नवऱ्याच्या, इम्हॉफ नांवाच्या एका जर्मन चित्रकाराच्या, मुलाकडे. म्हणजे 'डेल्सफर्डचा हेस्टिंग्स' हें नांव परत आणण्यासाठीं जें वतन एवढ्या यातायातीनें सोडविलें, त्यावर हेस्टिंग्स रक्ताचा दुसरा मनुष्य बसलाच नाहीं. सावत्र मुलगा सर चार्ल्स इम्हॉफ १८५३ त वारला, आणि मिळकत विकली गेली. त्यास कोणी वारसाहक्काचा प्रश्न केला नव्हता. मृत्युपत्रानें दिलें तें कायद्यानें टिकलें. त्याच १८५३ च्या डिसेंबरांत नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि डलहौसीच्या सरकारनें दत्तक न मानतां १८५४ त तें राज्य खालसा केलें. बेनीराम पंडिताचे धनी तेच भोसले. राज्य आणि खासगी मिळकत ह्यांस एकच न्याय लावतां येत नाहीं, असें इंग्रज पक्षाचें उत्तर येईल, आणि कायद्याच्या भाषेंत तें अगदींच खोटें नाहीं. तरीपण दोन नोंदी शेजारीं ठेविल्यावर वाचणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो.

पुढची मालिका थोडक्यांत. १८५३ नंतर गांव ग्रिझवुड नांवाच्या धनिकाकडे आलें. त्यानें १८६० च्या सुमारास जॉन लॉफ्बरो पिअर्सन ह्या शिल्प्याकडून चर्च पुन्हा नव्यानें बांधविलें, म्हणजे हेस्टिंग्सचें चर्च अर्धें शतकहि टिकलें नाहीं. १९३१ त बिशपाच्या वेळची ती तुटक हद्द मिटवून गांव ग्लॉस्टरशायरांत घातलें. १९४६ त तें एका वृत्तपत्रांच्या मालकानें घेतलें, आणि १९८८ पासून तें यंत्रें बनविणाऱ्या एका उद्योगपतीच्या घराण्याकडे आहे. गांवाचें नांव हल्लीं रासायनिक खतांवांचून पिकविलेल्या शेतमालाच्या दुकानांवर झळकतें. सीताफळ तेथें मिळतें कीं नाहीं, ह्याची चौकशी आम्हीं केली नाहीं.

इंग्लंडांत १८९९ पासून प्रत्येक परगण्याचा इतिहास गांववार छापण्याचा एक मोठा उपक्रम चालू आहे. प्रत्येक पॅरिशच्या सदरांत मॅनर कोणाकडून कोणाकडे गेलें, चर्च कोणीं बांधलें, रेक्टर नेमण्याचा हक्क कोणाचा, धर्मादाय काय, हें कागद देऊन सांगितलेलें असतें. तीं पानें रुक्ष आहेत, मेकॉलेच्या मोहिनीचा त्यांत लवलेश नाहीं. परंतु त्यांतच आपल्यास कळतें कीं, गांव हेस्टिंग्सांचें होतें त्याआधीं बिशपाचें होतें, आणि त्याआधीं एका मर्सियन राजाचें.

हेस्टिंग्सचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मुख्य संग्रहाचेच अडीचशेंहून अधिक खंड भरतात. कलकत्त्याचा पत्रव्यवहार तेथें आहे, आणि डेल्सफर्डच्या निवांत वर्षांतील रोजनिश्याहि त्याच ग्रंथालयांत आहेत. मराठ्यांच्या इतिहासासाठीं पहिल्या भागाकडे आमचे लोक गेले आहेत. ह्या लेखाचा जो धागा आम्हीं उलगडला, त्याचें दुसरें टोंक मात्र लंडनास नसून इकडे असण्याचा संभव आहे. बेनीराम पंडित आणि बिसंभर पंडित ह्यांच्या घराण्यांतील कागद, नागपूर दरबारास त्यांनीं बनारसहून पाठविलेलीं पत्रें, किंवा त्या लाख रुपयांचा एखादा हिशेब, हे नागपूर, बनारस किंवा अन्यत्र कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्याची नक्कल मंडळाकडे पाठवावी. मूळ कागद जपून परत केले जातील.